वर की खाली?

जुलैतली दुपार होती. पाऊस नुकताच थांबला होता आणि मी मुंबईतल्या सँडहर्स्ट रोड स्टेशनच्या वरच्या फलाटावर पनवेल गाडीची वाट बघत उभा होतो. कठड्यापलीकडं, हात लांब केला तर जवळजवळ लागेल इतक्या अंतरावर एक जुनी इमारत आहे. तिच्या खिडकीत एक बाई मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडत होत्या. गजांना ओले कपडे, डालडाच्या डब्यात कसलंसं रोप, आत भिंतीवर किराणा दुकानाचं कॅलेंडर. माझ्या शेजारी सहा-सात वर्षांचा एक मुलगा आईचं बोट धरून उभा होता. त्यानं त्या बाईंना टाटा केला. त्यांनी मान वर करून आमच्या दिशेनं पाहिलं आणि पुन्हा ताटात लक्ष घातलं. मुलानं परत हात हलवला, या वेळी जरा जोरात. काही नाही. "आई, त्यांना मी दिसत नाहीये का?" आई मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "दिसतोस रे. त्यांना रोजचंच आहे." तेवढ्यात गाडी आली, ते दोघं महिलांच्या डब्याकडं पळाले आणि मी माझ्या गर्दीत शिरलो. पण ते 'रोजचंच' काही डोक्यातून जाईना. दर थोड्या वेळानं हजारभर माणसं आपल्या स्वयंपाकघराच्या उंचीवर येऊन थांबतात, आत डोकावतात, आपलं कॅलेंडर वाचतात आणि निघून जातात. याची सवय होते म्हणजे नक्की कशाची होते?

आणि मुळात स्टेशन त्यांच्या खिडकीपर्यंत चढलंच कशाला?

सँडहर्स्ट रोड हे दुमजली स्टेशन आहे, हे रोज जाणाऱ्याला सांगायला नको. कुणी तिथं भेटायचं ठरवलं की पहिला प्रश्न असतो, "वर की खाली?" खाली मुख्य मार्ग, कल्याण-कर्जत-कसाऱ्याकडं जाणारा. तिथं फक्त धीम्या गाड्या थांबतात. जलद गाड्या अंगावर वारा टाकून निघून जातात. वर हार्बर, गोदीच्या कडेनं पनवेलकडं जाणारा. दोन्ही एकाच नावाची असली तरी हवामान वेगळं. खाली कायम संध्याकाळ असल्यासारखं वाटतं, भर बारा वाजताही. डोक्यावर जाड लोखंडी तुळया, त्यांच्या बेचक्यांत कबुतरं, आणि पावसाळ्यात पाऊस थांबल्यावरही बराच वेळ गळत राहणारं पाणी, कारण वरचा मजला आपला पाऊस सावकाश खाली सोडत असतो. जुने प्रवासी कोणत्या तुळईखाली उभं राहायचं नाही हे जाणून असतात. नवखा माणूस भिजतो आणि आकाशाकडं बघतो, तर तिथं आकाशच नसतं. मग जिना चढून वर यावं तर एकदम ऊन, वारा, आणि मस्जिद बंदरच्या बाजूनं येणारा मिरची-हळदीचा खकाणा. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला गोदीतल्या क्रेनचे शेंडे दिसतात. वर गाडी शिरली की सगळा सांगाडा थरथरतो, तळपायांना आधी कळतं आणि कानांना नंतर. मला तो थरथराट आवडतो. आजकालच्या काँक्रीटच्या स्टेशनांत गाडी आल्याचं पाटीवर वाचावं लागतं.

उंचीचं कारण मात्र अगदी साधं आहे. सीएसएमटीला हार्बरच्या गाड्या एक आणि दोन नंबरच्या फलाटांवरून सुटतात, म्हणजे स्टेशनच्या पश्चिम टोकाकडून. त्यांना जायचं असतं पूर्वेला, गोदीच्या कडेनं, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. मधे मुख्य मार्गाचे सगळे रूळ आडवे. तेव्हा कुठंतरी उडी मारणं भाग होतं, ती उडी इथं मारली. मस्जिद सोडलं की गाडी चढाला लागते, मोटारीचा आवाज जाडसर होतो, बाजूच्या भिंती हळूहळू खाली जातात आणि दुकानांच्या पाट्यांच्या जागी घरं दिसू लागतात. पहिला मजला, दुसरा मजला. १९१० साली कुर्ल्याहून ही गोदीकाठची लाइन सुरू झाली तेव्हा ती रे रोडपर्यंतच येत होती. पुढचा तुकडा, म्हणजे व्हीटीला (आताच्या सीएसएमटीला) जोडणारा, जवळपास पंधरा वर्षं नव्हताच. मधली वस्ती इतकी दाट की जमिनीवरून वाट काढणं जमण्यासारखं नव्हतं. शेवटी लोखंडाच्या खांबांवर चढून जायचं ठरलं. खांबांवर ओतीव अक्षरांत १९२१ आणि ग्लासगो असं आहे. रंगाचे इतके थर चढलेत की वाचण्यापेक्षा बोटानं चाचपलेलं बरं. बोटीनं आलेलं हे लोखंड गोदीत उतरवून हाकेच्या अंतरावर उभं केलं, बोटींचा माल आणि माणसं वाहणाऱ्या लाइनसाठी.

माझे आजोबा त्या गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरणाऱ्या गोणी आणि गाठी मोजायच्या, खुणा करायच्या, चार रेघा उभ्या आणि पाचवी आडवी. त्यांच्या तोंडी सँडहर्स्ट रोड हे नाव मी कधी ऐकलं नाही. ते 'वरचं स्टेशन' म्हणायचे, जणू मुंबईत दुसरं वरचं काही नव्हतंच. १४ एप्रिल १९४४ ची गोष्ट त्यांनी आम्हा नातवंडांना बरेचदा सांगितली. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोट उभी होती, पोटात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेला. असं भरणं हा शुद्ध अविचार होता हे सांगताना चाळीस वर्षांनंतरही आजोबांचा आवाज चढायचा, हिशेब चुकवणाऱ्या कारकुनावर चढावा तसा. त्या दिवशी ते उशिराच्या पाळीला निघाले होते. चारच्या सुमाराला वरच्या स्टेशनाच्या जिन्यावर असताना कठडा हातातून निसटल्यासारखा झाला आणि मग आवाज आला. अर्ध्या तासात दुसरा स्फोट. ते बोटीवरच्या सोन्याच्या विटांची गोष्ट कधी सांगत नसत, जी बाकी सगळे सांगतात. त्यांना आठवायचा तो कापूस. जळत्या गाठींचे तुकडे आकाशातून खाली येत होते, आणि वरच्या फलाटावरून ते खूप वेळ तरंगत असल्यासारखे दिसत होते. "खाली असतो तर पळालो असतो," ते म्हणायचे, "वर होतो म्हणून बघत राहिलो." मला लहानपणी यात आजोबांचा भित्रेपणा किंवा शौर्य यांपैकी एक काहीतरी शोधायचं असायचं. आता वाटतं, उंचावर उभं राहिल्यावर माणसाचं असंच होतं. समोर घडतं ते आपल्याला घडत नाहीये, असं थोडा वेळ वाटत राहतं. त्या मुलाच्या टाटामध्ये आणि आमच्या सगळ्यांच्या खिडकीतून डोकावण्यात त्यातलाच थोडा अंश आहे.

नावाचीही एक गंमत आहे. लॉर्ड सँडहर्स्ट १८९५ ते १९०० मुंबईचा गव्हर्नर. म्हणजे प्लेगचा, रँडचा आणि टिळकांवरच्या १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्याचा गव्हर्नर. मराठी घरांत या माणसाबद्दल ममत्व असण्याचं काही कारण नाही, तरी त्याचं नाव आपण दिवसातून शंभरदा उद्घोषणेत ऐकून घेतो. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग निघाला, माणसं पटापट मेली, गिरण्या ओस पडल्या, आणि दोन वर्षांनी सरकारनं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढायचे, समुद्रावरचा वारा आत आणायचा, ही कल्पना. पश्चिमेकडून थेट डोंगरीपर्यंत आडवा काढलेला रस्ता म्हणजे सँडहर्स्ट रोड. आता तो सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे, पण स्टेशननं जुन्या रस्त्याचं नाव धरून ठेवलंय. मला यात राहून राहून एक गोष्ट खटकते. ज्या नावानं लोकांच्या घरात हवा यावी म्हणून गल्ल्या पाडल्या, त्याच नावाचं स्टेशन वीस-पंचवीस वर्षांत त्याच लोकांच्या खिडकीसमोर उभं राहिलं. वारा येणार तो आता गाडीच्या बाजूनं. दोन्ही वेळा शहराचं भलंच करायचं होतं, आणि दोन्ही वेळा तिथं राहणाऱ्याला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

२०२४ साली विधिमंडळानं ठराव करून या स्टेशनाला डोंगरी म्हणायचं सुचवलं, इतर काही ब्रिटिश नावांबरोबर. करी रोडचं लालबाग, डॉकयार्ड रोडचं माझगाव. माझी हरकत नाही. १८८२ साली टिळक आणि आगरकर एकशे एक दिवस ज्या तुरुंगात होते तो इथलाच, डोंगरीचा. त्या मानानं सँडहर्स्टचा या जागेशी संबंध फारच कागदी. फक्त मला खात्री आहे की पाटी बदलली तरी लोक विचारतील तेच विचारतील. वर की खाली?

विजेची गाडी हे वरच्या मजल्याचं खरं भाग्य. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला निघाली ती याच मार्गानं. गव्हर्नर लेस्ली विल्सननी तिचं उद्घाटन केलं होतं. डबे चार. दीड हजार व्होल्टचा डीसी प्रवाह. खालच्या मुख्य मार्गावर कोळशाची इंजिनं धुरळा उडवत असताना वरून ही बिनधुराची गाडी गेली असेल तेव्हा खिडक्यांत किती माणसं जमली असतील. ज्यांच्या घरात रॉकेलचा दिवा होता त्यांच्या खिडकीसमोरून वीज चाकांवर बसून गेली. त्या उंचीवर रोज कोळशाचं इंजिन फिरलं असतं, तर दोरीवरचा एकही कपडा पांढरा राहिला नसता. पण त्यानंतर मात्र हार्बरच्या वाट्याला नेहमी दुसऱ्यांनी वापरून झालेलं आलं, निदान आम्हा हार्बरकरांची ठाम समजूत तशी आहे. मुख्य मार्गाला नवे डबे मिळाले की जुने आमच्याकडं. पंखे फक्त आवाज करणारे, बाकांच्या पट्ट्या निघालेल्या. मुख्य मार्गावर डीसी जाऊन पंचवीस हजार व्होल्टचा एसी प्रवाह जून २०१५ मध्ये पूर्ण आला. हार्बरवर एप्रिल २०१६ मध्ये. त्या रात्रीची शेवटची डीसी लोकल बघायला काही हौशी मंडळी कॅमेरे घेऊन आली होती. मी गेलो नाही, याचं आता वाईट वाटतं. जुन्या गाड्या चढावर कण्हायच्या तो आवाज माझ्या कानात अजून आहे, पण तो कुणाला करून दाखवता येत नाही. घरी एकदा प्रयत्न केला, मुलगी हसून हसून बेजार झाली.

त्याच २०१६ च्या जानेवारीत खालच्या फलाटावरून उत्तरेला दिसणारा हँकॉक पूल पाडला. १८७९ चा पूल. क्रेन लावून, अठरा तासांच्या आसपास रूळ बंद ठेवून तो कापून नेला आणि मग तिथं नुसता उजेड होता. पूल गेल्यावर भायखळा, माझगाव, डोंगरी यांच्यामधलं रोजचं जाणं-येणं तुटलं आणि लोक सरळ रूळ ओलांडू लागले. शाळेची मुलंसुद्धा. नव्या पुलाचा एक भाग सुरू व्हायला २०२२ उजाडलं. पूल म्हणजे काय ते तो नसताना कळतं, तसं वरचं स्टेशन नसतं तर ही वस्ती दोन्हीकडून कशी चिणली गेली असती याची कल्पना त्या वर्षांत आली. खालचे रूळ वस्तीला कापतात. वरचे रूळ नुसते डोक्यावरून जातात, खालून हातगाडी, टेम्पो, मिरवणूक काहीही जाऊ शकतं. तेव्हा उंचीवर चढणं हा अन्यायच, असं एका वाक्यात म्हणायला मी धजत नाही. खिडकीत बसणारीला एक उत्तर सुचेल आणि खाली हातगाडी ओढणाऱ्याला दुसरं.

आता तर मुंबईत वरच्या स्टेशनांचं पीकच आलंय. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, बाराच्या बारा स्टेशनं हवेत. मग पश्चिम उपनगरांतल्या नव्या लाइनी. मोनोरेलही २०१४ मध्येच आली. चेंबूरच्या घरांच्या गॅलऱ्यांजवळून वळणं घेत काही वर्षं रिकामी फिरली आणि सप्टेंबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद ठेवली. माझ्या एका मैत्रिणीचं घर मेट्रोच्या मार्गावर आहे, तिसरा मजला. काम चालू असताना तिनं खिडकीसमोर खांब उगवताना पाहिला, मग त्यावर तुळई, मग रूळ, आणि एका सकाळी निळसर दिव्याची गाडी. तिनं पहिल्याच आठवड्यात जाड पडदे शिवून घेतले. "संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पडदा," ती म्हणते, "नाहीतर मी टीव्हीवर असते." मेट्रोत बसलेल्यांना खरं तर आत काही दिसत नाही. एसी, बंद काच, गाडीचा वेग, आणि सगळ्यांचे डोळे मोबाइलमध्ये. तरीही ती पडदा ओढते आणि मी तिच्या जागी असतो तर मीही ओढला असता. मग सँडहर्स्ट रोडच्या त्या बाई तांदूळ निवडायला खिडकीतच का बसतात? उजेड तिथंच असतो, हे पहिलं उत्तर. दुसरं जरा अवघड आहे. मैत्रिणीच्या घरासमोर मेट्रो आली. त्या बाईंच्या घरासमोर गाडी त्यांच्या जन्माआधीपासून आहे. त्या घरात आलेली प्रत्येक सून गाडी बघूनच आली असणार. पण आपण उघड्यावर आहोत हे ज्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत असतं, त्यांची लाज मोडते की नजर तयार होते, हे बाहेरून कसं कळावं?

थोडंसं कळलं ते एका शिंप्याकडून. भाच्याच्या लग्नासाठी जुना कोट थोडा घट्ट करून घ्यायचा होता, तर कुणीतरी डोंगरीतल्या एका चाचांचं नाव सुचवलं. पत्ता विचारत गेलो आणि लाकडी जिना चढून वर पोचलो तर खिडकीपलीकडं हार्बरचा फलाट! मी रोज जिथं उभा राहतो त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला. चाचा रत्नागिरीकडचे, बोलणं थेट कोकणातलं. मशीन खिडकीला लावलेलं, आणि खोलीची जमीन फलाटापेक्षा थोडी खाली. त्यामुळं मशीनवर बसलं की कठड्याच्या सळयांमधून माणसं दिसतात ती गुडघ्यापासून खाली. नुसते पाय. बूट, चपला, साडीचे काठ, सलवारींचे घेर, पँटच्या मोहऱ्या.

"तोंड कुणाचंच ठाऊक नाय," ते टाचण्या ओठांत धरून म्हणाले. "पण तो तपकिरी बुटांचा आसा ना, सकाळचा येतो, त्याच्या डाव्या पायची मोहरी उसवलीय. बायको नसेल, नाय तर भांडण झालं असेल. इतके दिस कोण ठेवतो?"

मी त्या मुलाची आणि तांदळाच्या ताटाची हकीकत त्यांना सांगितली. त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. टाटा करणारी पोरं रोज असतात म्हणाले, सगळ्यांना हात हलवत बसलं तर कामं कधी करायची. त्यांना वेगळंच सांगायचं होतं. पूर्वी फलाट त्यांच्या खिडकीपर्यंत यायचाच नाही. नऊ डब्यांच्या गाड्या होत्या तोवर समोर नुसते रूळ, आणि पलीकडून येणारा उजेड थेट मशीनवर. २०१६ मध्ये हार्बरवर बारा डबे आले, त्यासाठी फलाट वाढवले, आणि वाढलेला तुकडा बरोबर त्यांच्यासमोर आला. "उजेड गेला," ते म्हणाले. पाय आले. आधी राग आला, मग हळूहळू मोहऱ्या वाचायची सवय लागली. पावसाळ्यात सगळे पँटी दुमडतात तेव्हा आतली शिलाई दिसते, कुणी कच्चा टाका घातलाय ते इथूनच कळतं. कोणती पँट दुकानातून तयार आणलीय आणि कोणती मापानं शिवलीय हेही. मापानं शिवलेल्या फार कमी झाल्यात, हे त्यांनी मला अगदी आकडेवारी दिल्यासारखं सांगितलं.

कोटाचं माप देताना खिडकीतून एक गाडी आली आणि गेली. खोलीतली कात्री टेबलावर किंचित सरकली. त्यांनी न बघता ती परत जागेवर ठेवली. मी अधूनमधून निघणाऱ्या त्या चर्चेबद्दल विचारलं, की सीएसएमटीला जागा हवी म्हणून हार्बरच्या गाड्या सँडहर्स्ट रोडलाच संपवणार. पाचव्या-सहाव्या लाइनसाठी हे करावं लागेल असं किती वर्षं ऐकतोय. मला वाटलं ते वैतागतील: अजून गर्दी, अजून आवाज. त्यांनी टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या आणि जरा वेळ फलाटाकडं बघितलं.

"म्हणजे गाडी हितंच थांबणार? उलटी फिरेपर्यंत?"

"तसं म्हणतात."

"मग माणसं जास्त वेळ उभी राहतील," ते म्हणाले. त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झालेला दिसत होता. "एक बोर्ड लावायला होवा खिडकीत. पाठीमागनं नाय, फलाटाकडं तोंड करून. पण खाली लावला पायजे, गुडघ्याच्या उंचीवर. नाय तर वाचणार कोण, सगळी मोबाइलात बघतात. मान खाली असते ना, तिथं दिसला पायजे. पँट ऑल्टर, अर्ध्या तासात." मग माझ्याकडं वळून, "तुमची पण आणा. उजव्या पायची लांब आहे, मघाच बघितली."